फड पांझरेचा, चौकट कुणाची?

‘यात तुझी वैचारिक चौकट कुठे आहे?’ माझ्या प्रकरणाच्या समासात मार्गदर्शक बाईंचा हा एवढाच शेरा होता आणि तो वाचून माझं डोकंच फिरलं. धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी फड नावाच्या शेतांच्या गटांना वाटून देण्याची शेतकऱ्यांची जुनी रीत, हा माझ्या प्रबंधाचा विषय. बंधारे, पाट, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचं काम, पाण्याच्या पाळ्या असं सगळं मुलाखतींसह लिहिलं होतं. साक्रीकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने सांगितलेल्या गोष्टीला कुठल्या परदेशी पंडिताचा टेकू कशाला हवा? पण इथे इंग्लंडमध्ये सिद्धांताशिवाय पान हलत नाही.

राग अजून पुरता गेलेला नाही, पण मागणी रास्त आहे. कशी, ते सांगते.

जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी 1968 साली मांडलं की सामाईक कुरणात जो तो आपलं एकेक जनावर वाढवत जातो आणि शेवटी कुरणच संपतं. राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990च्या पुस्तकात दाखवलं की लोक आपसात नियम करून अशा गोष्टी शतकानुशतकं टिकवतात. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये दिसणारी आठ तत्त्वं त्यांनी काढली. 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. हे झाले सिद्धांत: एखादी गोष्ट का घडते, याची सर्वसाधारण उत्तरं. चौकट मात्र मला स्वतः आखायची होती. त्या आठांतली कोणती तत्त्वं माझ्या प्रश्नाला लागतात आणि त्यांचा एकमेकांशी काय संबंध, हे मला ठरवायचं होतं.

फडात एका वेळी एकच पीक असतं आणि शेतकऱ्याची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असते. पाणी कमी असलं की एखादा फड कोरडा ठेवतात, म्हणजे टंचाई सगळ्यांच्या वाट्याला येते. हे मी आधीही लिहिलं होतं. पण टंचाईची वाटणी आणि नियम पाळणं या दोन गोष्टी चौकटीत शेजारी मांडल्यावर माझे प्रश्नच बदलले. ‘पाणी कसं वाटता?’ ऐवजी मी विचारू लागले, ‘कोणता फड कोरडा ठेवायचा हे कोण ठरवायचं, आणि ते कुणी मोडलं तर?’ उत्तरं कितीतरी खोल मिळाली.

आई फोनवर विचारते, धुळ्याचं पाणी समजायला इंग्लंडला कशाला जायला हवं होतं? आपल्याकडेही अनेक प्रबंधांत सिद्धांताचं प्रकरण असतं, पण पहिल्या पन्नास पानांनंतर त्याचा पत्ता नसतो. इथल्या ग्रंथालयातही तसे प्रबंध सापडतात, आणि आपल्या लोकांइतकं चिकाटीचं क्षेत्रकाम मी इथे फारसं पाहिलेलं नाही. तरी प्रत्येक पानावर ‘हे कशाचं उदाहरण?’ असं विचारणारं माणूस मला इथेच भेटलं. त्यासाठी आले ते बरं झालं, असं मला मनापासून वाटतं.

ऑस्ट्रॉम यांच्या पुस्तकात दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांची जी मोठी उदाहरणं आहेत, ती व्हॅलेन्सियाच्या कालव्यांची, स्वित्झर्लंडमधल्या टोर्बेल गावाची, जपानमधल्या सामाईक डोंगरांची, फिलिपिन्समधल्या झान्हेरांची, म्हणजे शेतकऱ्यांच्या सिंचन-संघटनांची. त्यांत फड नाही, आणि ते माझ्या मनाला लागतं. पण त्याहून मोठी अडचण वेगळी होती. हक्कदार कोण हे स्पष्ट असावं, असं त्यांचं पहिलं तत्त्व सांगतं. ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याचं काय?

याचं उत्तर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात आहे. 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरांवर न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर द्यायचं, भूमिहीनांनाही हक्क, आणि ऊस लावायचा नाही. म्हणून माझ्या चौकटीच्या आकृतीत मी एक चौकोन वाढवला: हक्कदार कोण हे कोण ठरवतं? तो ऑस्ट्रॉम यांच्याकडून घेतलेला नाही. बाईंनी त्याचा आधार विचारला, तेव्हा मी नायगावची पंधरा पानं पाठवली. आता त्या चौकोनावर वेगळं प्रकरण लिहायला त्यांनी सांगितलं आहे.