रबराची कोलंबी

नाशिकच्या माणसाने खाडीतल्या मासेमारीचा नाद लावून घ्यावा हे कुठल्या पंचांगात बसतं, असं आमची आई विचारते. गंमत अशी की हा नाद चालतो तोच मुळी पंचांगावर. शुद्ध असो की वद्य, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहाला, दशमीला साडेसातला, एकादशीला सव्वाआठला. आता मोबाइलवर मिनिटासकट तक्ते मिळतात आणि मीही ते बघतो. पण किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्यांचा हा तोंडी हिशेब थोड्याफार फरकाने अजून बरोबर येतो, आणि तो करायला रेंज लागत नाही.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. तेव्हा आपल्या किनाऱ्याला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं आणि खाडीत एवढी ओढ असते की हलकं काही तळाला टेकतच नाही. अष्टमीनंतर भांग लागतो, पाण्याचा जोर मोडतो. मला भांग मानवतो. त्यातही दशमी-एकादशी, कारण सकाळी चहा होईतो भरती भरून झालेली असते आणि दुपारपर्यंतची सगळी ओहोटी हाताशी असते. म्हणजे नेमका उपासाचा दिवस. आईचा खरा आक्षेप तिथे आहे. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांची यात्रा असते, आणि माझा रस्ता त्र्यंबकवरूनच जातो. दिंड्यांना वाट देत, मागच्या सीटवर रॉड आडवे ठेवलेल्या गाडीतून हळूहळू पुढे सरकताना मी रेडिओसुद्धा लावत नाही.

पुढे मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर, आणि मग सफाळ्याकडे. खाडी वैतरणेची. ही नदी आमचीच आहे, हे नाशिककरांच्या फारसं लक्षात राहत नाही. त्र्यंबकच्या डोंगररांगेतून दोघी निघतात. गोदावरी, जिला आम्ही सरळ ‘गंगा’ म्हणतो, ती पूर्वेला तोंड करून १४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. वैतरणा पश्चिमेला वळते आणि दीडशेच्या आसपास किलोमीटरांत अरबी समुद्र गाठते. वाटेत मुंबई तिला धरणाधरणांवर अडवून पिऊन टाकते, तरी अर्नाळ्याच्या किल्ल्याजवळ समुद्राला भेटण्याइतकी ती उरते. पुराणातली वैतरणी गाईचं शेपूट धरून ओलांडतात. ही आम्ही रबरी शेपटीच्या भरवशावर पालथी घालतो.

गळाला लावायच्या माझ्या खोट्या कोलंबीला रबरी म्हणायचं आपलं. आमचा होडीवाला नाखवा तसं म्हणतो म्हणून. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत साचे बनवतो, त्यामुळे मला ते रबर नाही हे माहीत आहे आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते पीव्हीसी असतं. पीव्हीसीची बारीक पूड आणि तिला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य यांचं मिश्रण म्हणजे प्लॅस्टिसोल. पक्कडीच्या दांड्यांवर जे लाल जाड आवरण असतं, तेही याच घराण्यातलं. तापवायला घेतलं की आधी ते पांढरं पातळ असतं, मग गाठी धरतं, साबुदाण्याच्या खिरीसारखं होतं, आणि १७५ अंशांच्या आसपास एकदम पारदर्शक होऊन वाहायला लागतं. त्या क्षणी रंग आणि चमकी घालून पिचकारीने साच्यात सोडायचं. आणखी तापवलं तर पिवळं पडतं आणि असा धूर सोडतं की घसा धरतो. हे काम घरात करू नये. आमच्याकडे ते गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून, मास्क लावून होतं.

साचा मी स्वतः कोरला. ॲल्युमिनियमचा ठोकळा, दोन भाग, मधे कोलंबी. गाडीच्या डॅशबोर्डची पट्टी करताना लागतं तेवढंच डोकं याला लागतं, फक्त इथे गिऱ्हाईक अजिबात बोलत नाही. खरी कोलंबी समोर ठेवून मी पाठीवरचे वळे, मिशा, पाय सगळं कोरलं होतं. तो साचा आता पेपरवेट आहे. माशाला पायांशी काही घेणंदेणं नसतं. गढूळ पाण्यात त्याला दिसतं थोडं आणि जाणवतं पुष्कळ. अंगावरच्या पार्श्वरेषेतून त्याला पाण्यातली थरथर कळते. तेव्हा खरं महत्त्व शेपटीला आणि मऊपणाला. द्रव्य जास्त पडलं की कोलंबी छान वळवळते पण पहिल्याच धडकेत गळावरून फाटून जाते. कमी पडलं की टिकते, पण मेल्यागत सरळ जाते. या दोन टोकांमध्ये कुठे थांबायचं यावर माझ्या ओळखीतली शहाणीसुरती माणसं तासन्‌तास भांडतात. बारीक मीठ घालावं की नाही यावर तर विचारूच नका. मी घालतो. वजन येतं, आणि माशाने तोंडात घेतल्यावर तो ते चटकन थुंकत नाही असा माझा समज आहे.

१९४९ साली अमेरिकेत, ओहायोतल्या अक्रन या टायरच्या कारखान्यांच्या गावी निक क्रीम नावाच्या गृहस्थाने मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ ओतलं, तिथून हा सगळा धंदा सुरू झाला. कारखान्यांच्या गावातल्या माणसालाच हे सुचावं याचं मला, अंबडचा असल्यामुळे, फार बरं वाटतं.

या वस्तूंचे नखरे पुष्कळ. वेगवेगळ्या रंगांच्या एकत्र ठेवल्या की काळीचा रंग पोपटीला लागतो. साध्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवल्या तर त्यातलं तेल डबीलाच खातं आणि तळ चिकट होऊन विरघळतो. एप्रिलमध्ये गाडीत राहिल्या तर शेपट्या दुमडून बसतात आणि तशाच राहतात. मग उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून थंड पाण्यात टाकायचं, शेपटी सरळ होते. यासाठी घरात एक वेगळं पातेलं आहे. त्याला कुणी हात लावत नाही, पण बायको पाहुण्यांना ते आवर्जून दाखवते.

खाडीवरचं बाकी सामान थोडं. रॉड, रीळ, बारीक विणलेला दोरा, त्याच्या टोकाला हातभर लीडर, म्हणजे जाड दोऱ्याचा तुकडा. लीडर अत्यावश्यक, कारण जिताडा या खाडीतल्या माशाच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते आणि बारीक दोरा तो सहज कापून जातो. मग शिसं आणि गळ एकत्र ओतलेलं जिग-हेड, त्यावर कोलंबी सरळ ओवायची. किंचित जरी वाकडी बसली तरी ती पाण्यात गरगर फिरते आणि दोऱ्याला पीळ पडतो. वजनाचा नियम एकच, तळाला टेकेल इतकं जड आणि त्याहून एक ग्रॅमही जास्त नाही. ओहोटीचा जोर बदलेल तसं ते दर अर्ध्या तासाने बदलावं लागतं. बोटं आखडलेली असताना हे कंटाळवाणं होतं, आणि जो कंटाळतो त्याला मासा मिळत नाही.

होडी फायबरची, लहान. इंजिन लांबच बंद करायचं आणि पाण्याबरोबर वाहत यायचं. उभं राहायचं नाही, फळीवर काही आपटायचं नाही, आणि दोघांनी एकाच वेळी रॉड मागे न्यायचा नाही. नाखव्याच्या टोपीत एकदा गळ अडकला होता. माझा नव्हे, माझ्या साडूचा.

ओहोटी लागली की खाजणातलं पाणी लहान-लहान नाळ्यांनी खाडीत उतरायला लागतं. तिवरांची मुळं चिखलातून खिळ्यांसारखी वर येतात, निवट्या उड्या मारायला लागतात. पांढरी चिपी दिसली की नाखवा बोट दाखवतो. २०२० पासून ते महाराष्ट्राचं राज्य कांदळवन झाड आहे हे त्याला मीच सांगितलं होतं, आता तोच मला सांगतो. या नाळ्यांच्या तोंडाशी, जिथे जोराचं पाणी आणि संथ पाणी शेजारी शेजारी असतं, तिथे जिताडा संथ बाजूला थांबतो, तोंड प्रवाहाकडे करून. उतरत्या पाण्याबरोबर कोलंब्या, बोयची पिल्लं त्याच्या पुढ्यात येतात. तो पाठलाग करत नाही. वाट बघतो, आणि जबडा असा झटकन उघडतो की पाण्यासकट भक्ष्य आत ओढलं जातं. पृष्ठभागाजवळ घडलं तर ‘फट्’ असा आवाज लांबपर्यंत येतो. जिताडे आधी नर असतात आणि काही वर्षांनी माद्या होतात. म्हणजे खाडीतली मोठी धूडं ही बहुतेक सगळी आज्याच. फोटोत छाती काढून ‘केवढा जिताडा’ म्हणणाऱ्यांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

कोलंबी झाडांच्या कडेला टाकायची आणि बुडू द्यायची. तळ लागला की दोरा सैल पडतो. मनगटाने दोन छोटे झटके, कोलंबी घाबरून उडाल्यासारखी वर येते. आणि मग काही करायचं नाही. दोऱ्याची ढील हलकेच गोळा करत तिला परत बुडू द्यायचं. मासा घेतो तो याच वेळी, ती खाली जाताना. हातातल्या दोऱ्याला एक बारीकसं ‘टक्’ लागतं, कधी तेवढंही नाही, नुसता दोरा थोडा आधीच सैल पडतो. मला या सगळ्यात आवडतं ते एवढंच. नवखा माणूस पैसे खर्चून आलेला असतो, म्हणून हलवत राहतो, गुंडाळत राहतो, आणि त्याची कोलंबी खाडीभर पळत सुटते. खरी कोलंबी कुठे एवढी पळते? ती दचकते, आणि थांबते. सोंग वठतं ते थांबण्यामुळे. आणि सबंध सकाळ हातात रॉड धरून योग्य वेळी स्वस्थ बसणं हे साच्यात सुताचाही फरक चालवून न घेणाऱ्या माणसाला जमायला वेळ लागतो. कारखान्यात हात थांबला की मी लगेच घड्याळाकडे बघतो.

नाखव्याला हे सगळं पोरखेळ वाटतं. तो जिवंत कोलंबी लावतो, दोरी हाताच्या बोटाला गुंडाळतो आणि विडी पेटवतो. त्याला मासा जास्त मिळतो, यात वाद नाही. तांबोशी तर जवळजवळ त्यालाच येते.

“खरी मिळत असताना खोटी कशाला, भाऊ?”

मी सांगतो, की जिवंत कोलंबी लावली तर माशाला ती फसवते, मी नुसता बसलेला असतो. ही माझी खोटी कोलंबी मी नीट चालवली तरच खरी होते. शिवाय जिवंत कोलंबीचा वास गाडीत राहतो आणि जव्हारच्या घाटात खिडक्या उघडाव्या लागतात. यातलं दुसरं कारण त्याला पटतं.

लहान मासा मी सोडून देतो आणि मोठी मादीही शक्यतो सोडतो. यावर आमचं दरवेळी वाजतं. “सोडायचा तर पकडलास कशाला?” त्याचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. त्याचं घर या पाण्यावर चालतं, माझं अंबडवर. मधल्या आकाराचा एखादा मिळाला तर तो त्याच्या घरी जातो. माझ्या घरी एकादशी असते.

एका बाबतीत मात्र तो मला बोलतो आणि मी निमूट ऐकतो. ही कोलंबी कुजत नाही. झाडात अडकून दोरा तुटला की ती तिथेच राहते. म्हणून अडकली की आम्ही होडी वल्हवत तिथवर जातो आणि हाताने सोडवतो, त्यात ओहोटीची चांगली वेळ गेली तरी. फाटक्या कोलंब्या खिशात घालून परत आणतो. गरम केलेल्या सुरीचं टोक फटीत धरलं की प्लॅस्टिक वितळून परत जुळतं. अगदीच गेलेल्या पुन्हा वितळवून ओततो. सगळे रंग मिसळल्यावर येतो तो मातकट जांभळा, आणि वैतरणेच्या गढूळ पाण्यात त्याच्याइतका चालणारा दुसरा रंग मी अजून पाहिला नाही. दुकानात तो मिळत नाही.

मागच्या भांगाला पाणी ठरलं तरी काहीच लागेना, तेव्हा नाखव्याने तोडगा काढला. माझी रबरी कोलंबी घेतली, तिच्या गळाच्या टोकाला स्वतःच्या खऱ्या कोलंबीचा नखाएवढा तुकडा लावला, आणि म्हणाला, “आता टाक.” टाकली. झटके दिले, थांबलो. दोरा चालायला लागला. ओढ चांगली होती, आम्ही दोघंही उठून बसलो. वर आला तो शिंगाळा, हातभर, चिकट, तिन्ही काटे ताठ करून कुरकुर आवाज करत. त्या काट्यांत विष असतं, टोचलं तर हात दिवसभर ठणकतो, त्यामुळे त्याला गळावरून काढायला दोघांनाही नको होतं.

“तुझ्या रबराला आला,” नाखवा म्हणाला.

“वास तुमच्या कोलंबीचा होता, नाखवा. पक्कड तुम्ही धरा.”