सोमवारची टाच

सोमवारी सकाळी माझ्याकडे पळणाऱ्यांची गर्दी असते. रविवारी सेमिनरी हिल्सचा चढ चढून आलेल्या पोटऱ्या, गुडघे आणि टाचा दुसऱ्या दिवशी नागपुरातल्या माझ्या लक्ष्मीनगरच्या क्लिनिकमध्ये बाकावर ओळीने बसलेल्या असतात. फिजिओथेरपी करते आहे त्याला १४ वर्षं झाली. तरी एप्रिलमधला तो एक सोमवार डोक्यातून जात नाही, कारण त्या दिवशी चूक माझी होती आणि ती पेशंटने मला समजावून सांगितली.

काका ६३ वर्षांचे. रेल्वेत पीडब्ल्यूआय होते, म्हणजे रुळांची देखभाल करणारे. निवृत्तीनंतर पळायला लागले, तेही पस्तिशी-चाळिशीतल्या पोरांच्या ग्रुपमध्ये. मंगळवारी मैदानावर चारशे-चारशे मीटरचे जोरदार फेरे, गुरुवारी चढ, रविवारी पहाटे फुटाळ्यावरून निघून १८-२० किलोमीटर. पोरांचं जे वेळापत्रक, तेच काकांचं. डाव्या टाचेच्या वर अकिलिस टेंडन, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारी दोरी, जाड झालेलं. सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली दहा पावलं भिंत धरून.

फेब्रुवारीअखेर ते पहिल्यांदा आले तेव्हा मी फर्मान काढलं होतं: तीन आठवडे पळणं बंद. त्यांनी ते रेल्वेच्या शिस्तीने पाळलं. चौथ्या आठवड्यात पुन्हा ग्रुपमध्ये गेले आणि दोन रविवारांत टाच पुन्हा धरली.

"तीन आठवडे घरात बसून राहिलो ना मी, मॅडम. बायको म्हणे, सोफ्याच्या जोडीला अजून एक फर्निचर आलं. मग काहून दुखून राहिलं आता?"

मी त्यांना भिंतीला बोटं टेकून एका पायावर टाच उचलायला लावली. उजवी २१ वेळा उचलली गेली. डावी आठव्यालाच थरथरायला लागली. दुखणं बसल्याने गेलं होतं, पण त्याबरोबर पोटरीतली ताकदही गेली होती.

आता हे सांगायचं कसं? मी आपली सोपं करायला गेले. म्हटलं, "काका, इंजिनालासुद्धा शेडमध्ये न्यावं लागतं की नाही?"

"इंजिनाचं मला नका सांगू. मी रुळाचा माणूस."

आणि मग त्यांनीच सुरू केलं. रुळाखालची गिट्टी उपसून, चाळून परत भरायची तर ब्लॉक घ्यावा लागतो, तेवढा वेळ गाड्या बंद. पण ब्लॉक उठला म्हणून लगेच पूर्ण वेगाने गाडी सोडत नाहीत. नवी गिट्टी पोकळ असते, लाईन खाली बसते. म्हणून कॉशन ऑर्डर निघते: आधी ताशी २०, मग टप्प्याटप्प्याने वाढवायचं. "हळू गाड्या वरून गेल्या की गिट्टी दबून पक्की होते. नुसता ब्लॉक देऊन लाईन नाही बनत, मॅडम. गाडी तर गेलीच पाहिजे."

एवढं बोलून ते आपल्या टाचेकडे बघत राहिले. "अरे बाप्पा! म्हणजे मी ह्याच्यावरून डायरेक्ट राजधानी सोडली."

सोडली त्यांनी, पण ब्लॉक देऊन कॉशन ऑर्डर न काढणारी मी होते. तसं त्यांना सांगितलंही.

जोरात पळून झाल्यावर टेंडनमध्ये पहिला दिवस-दीड दिवस घडण्यापेक्षा मोड जास्त होते, नवी बांधणी वरचढ होते ती त्यानंतर. स्नायू दुसऱ्या दिवशी ठणकून तक्रार तरी करतात, टेंडन बरेचदा तेही करत नाही. त्यात वय वाढलं की तेवढ्याच प्रथिनांतून स्नायूची डागडुजी कमी होते, आणि काकांचा पळून आल्यावरचा नाश्ता म्हणजे तर्री-पोहे. तर्रीला माझा विरोध नाही (नागपुरात राहायचं आहे मला), पण सोबत दोन अंडी नाहीतर वाटीभर पनीर हवं. झोप पावणेपाच तास. ऊन चढायच्या आत परतायचं म्हणून पावणेचारला उठायचं आणि रात्री अकरापर्यंत क्रिकेट.

निघताना मी सवयीने विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? बीपीची रोजची, लघवी वाढवणाऱ्या औषधासकट. "आणि रविवारी निघताना एक पेनकिलर. ग्रुपमध्ये सगळेच घेतात."

मी त्यांना परत बसवलं. एप्रिलचं नागपूर, दोन तास घाम, बीपीचं तसलं औषध आणि वरून ही गोळी, म्हणजे किडनीवर चारी बाजूंनी ताण. टाचेची मला तितकी भीती वाटली नव्हती. त्यांच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. दुसऱ्या दिवशी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्तचाचणी, तपासलं, नॉर्मल आलं. पण पळण्याच्या ग्रुपमध्ये ह्या गोळ्या पेपरमिंटसारख्या वाटल्या जातात, ह्याचा मला अजून राग आहे.

मग आम्ही आठवडाच मोडला. सात दिवसांऐवजी दहा दिवसांचं चक्र, त्यात जोराचा दिवस एक आणि लांब पळणं एक. बाकी पळणं गप्पा मारता येतील इतकंच. चढ बंद. पायरीच्या कडेवर टाचा सावकाश वर-खाली, एकदा गुडघा ताठ ठेवून, एकदा वाकवून, पुढे पाठीवरच्या पिशवीत तांदूळ घालून. दुखणं दहापैकी तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या सकाळी वाढलेलं नको.

जूनमध्ये ते वही घेऊन आले. पीडब्ल्यूआयचं अक्षर, लाल-निळ्या रेघा. "ब्लॉक", "कॉशन २०", "कॉशन ४५". डावी टाच १७ वेळा उचलली. एका शनिवारच्या रकान्यात मात्र काहीतरी लिहून खोडलं होतं.

"इथे काय झालं, काका?"

"ते होय," ते वही मिटत म्हणाले, "त्या दिवशी एक स्पेशल सोडावी लागली."