यंदा दिंडीच्या शेपटाला

सप्टेंबर लागला की वैजापूर-गंगापूरकडच्या ख्रिस्ती वस्त्यांमधून लोक हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे येशूची आई मारिया हिच्या यात्रेला, पायी निघतात. ८ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिन, त्याच्याच आगेमागे यात्रा भरते. पुढं क्रूस, मागं टेम्पो, टेम्पोवर भोंगा, अन् माईक दरसाल माझ्या हातात. गावात मला मास्तर म्हणतात. शाळेतला नव्हे, देवळातला. फादर नसले की रविवारची प्रार्थना, मयताच्या घरची जपमाळ, सांत्वनाचे चार शब्द, सगळं माझ्याकडं.

यंदा उन्हाळ्यात बायको गेली. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, "देवानं दिलं, देवानं नेलं." त्यांच्या दुःखात मीच तर हे म्हणून आलो होतो! बायबलातल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे शब्द आहेत, खोटे कसे म्हणू? पण ईयोब ते स्वतःबद्दल बोलला होता, दुसऱ्याच्या ओट्यावर बसून नव्हे.

माईक पोरांकडं दिला आणि मागं चालू लागलो. शेपटाला वेगळेच लोक असतात. गुडघे धरून चालणाऱ्या बाया, कडेवर लेकरू घेतलेली एक नांदायला न गेलेली पोरगी, दारू सुटावी म्हणून नवस केलेला एक जण. भोंग्याचा आवाज तिथवर तुटक तुटकच येतो. इतकी वर्षं हे मला ठाऊकच नव्हतं.

वीरगाव मागं पडलं आणि टाचेचा फोड फुटला. दोन्हीकडं कपाशी, सावली म्हणून एक बाभूळ. एका आजीनं मला तिथं बसवलं अन् पाय ओढून सरळ मांडीवर घेतला.

"अहो आजी, राहू द्या. मी करतो."

"गप बसा मास्तर. येशू पाय धुवाया आला तवा पेत्र बी असंच म्हणला व्हता."

बाटलीतल्या पाण्यानं चिखल धुतला, खोबरेल लावलं, जुन्या लुगड्याची चिंधी दातानं फाडून घट्ट बांधली. त्या वेळी मात्र मला रडू आलं. मयतीच्या दिवशी आलं नव्हतं. तिनं काही विचारलं नाही, ईयोबही सांगितला नाही. चिंधीची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली, बस्स.

बायबलातल्या स्तोत्रसंहितेत १२० ते १३४ ही यरुशलेमला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची स्तोत्रं. त्यातलं १३१वं जेमतेम तीन ओव्यांचं, त्यामुळं मी ते नेहमी घाईत उरकायचो. माझं मन गर्विष्ठ नाही, झेपणार नाहीत अशा थोर गोष्टींच्या मागं मी लागत नाही, दूध तुटलेल्या लेकरागत माझा जीव आईपाशी निवांत आहे, एवढंच त्यात आहे. तान्हं बाळ दुधासाठी बिलगतं. दूध तुटलेल्याला तिथून काही मिळायचं नसतं, तरी ते आईलाच चिकटून बसतं. 'का नेलंस' याचं उत्तर मला वाटेत मिळालं नाही. पुढं पुढं मी ते मागायचंही सोडून दिलं.

गोदावरीच्या पुलावर मराठवाडा संपतो, पलीकडं अहिल्यानगर. तिथं पोरांनी माईक पुन्हा माझ्याकडं आणला. मी म्हटलं, "आजीला द्या."

वार गुरुवार. जपमाळेत येशू-मारियेच्या जीवनातले प्रसंग आठवतात, त्यांना रहस्यं म्हणतात. २००२ पासून गुरुवारी प्रकाशाची रहस्यं म्हणतात. मीच पोरांना शिकवलेलं. आजीनं मात्र जुन्या वळणानं आनंदाची सुरू केली, तीही भलत्याच चालीवर. पोरं माझ्याकडं बघायला लागली. मी तिच्यामागून उत्तर दिलं, मग पोरांनीही दिलं.