दारामागची खुंटी

आई नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर सोडून त्रिमूर्तीनगरात आमच्याकडे आली, तेव्हा पलंग, देव, वॉकर आणि एक दार घेऊन आली. दार आणायचं कोणाच्याच डोक्यात नव्हतं. पण घर घेणारा ते पाडणार होता आणि आजोबांच्या वेळचं सागवान भंगारात द्यायला तिचं मन होईना. सागवान इकडचंच, जुन्या मध्य प्रांतातल्या जंगलांचं. लाकडाच्या धंद्यात त्याला 'सीपी टीक', म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचं सागवान, म्हणतात आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतात.

तिला दिलेली खोली लहान. पलंग ठेवला तर दार अर्धंच उघडायचं, आणि वॉकर घेऊन आलेल्या माणसाला दार आपल्याकडे ओढताना दोन पावलं मागे सरावं लागायचं. ती दोन पावलंच धोक्याची. तीन फुटी दार उघडमीट करताना सात चौरस फूट जागा अडवतं, हे मी कागदावर पाव वर्तुळ काढून घरात सिद्ध केलं. कोणी फार दाद दिली नाही. मिस्त्रीने मात्र आजोबांच्या दारावर हात फिरवला आणि म्हणाला, "पलंग राहू द्या साहेब. दारच टांगून देतो वरून. बार्न डोअर म्हणते त्याले. आजकाल सगळे लावून राहिले."

बार्न म्हणजे काय, हे आईला सांगायचं काम माझ्याकडे आलं. सांगितलं, की अमेरिकेत धान्याचं, गवताचं, जनावरांचं मोठं कोठार असतं. गवताची गाडी आत जाईल एवढं रुंद दार बिजागरीवर तोलणं अवघड, म्हणून वरच्या पट्टीला चाकांवर टांगून भिंतीवरून सरकवतात.

"म्हणजे कोठ्याचं दार," आई म्हणाली. "मग बैल केव्हा आणतोस?"

दार लागलं. त्याच्या पट्टीला दाराच्या दुप्पट जागा लागते, म्हणजे दारावरची जागा धरून सहा फूट सलग मोकळी भिंत. आमच्या घरात अशी भिंत एकच, आणि तिच्यावर बाबांचा फोटो आणि स्विचबोर्ड. बाबा समोरच्या भिंतीवर गेले. स्विचबोर्डही हलवला, आणि अजून रोज संध्याकाळी माझा हात आधी दारावर जातो, दिवा काही लागत नाही. दीड इंची जाडीचं ते सागवान 50 किलोंच्या आसपास भरत असेल. आमची भिंत जुन्या पक्क्या विटांची, म्हणून तिने वजन पेललं. हल्लीच्या फ्लॅटच्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीत बोल्ट धरत नाही, आधी लाकडी पट्टा मारून वजन पसरवावं लागतं, असं मिस्त्री म्हणाला.

वॉकरचा प्रश्न मात्र सुटला, अगदी पूर्ण सुटला. खाली उंबरठा नाही, मागे सरणं नाही. आई एका हाताने दार ढकलते आणि ते आज्ञाधारकपणे बाजूला होतं. यासाठी मी त्या दाराचं सगळं माफ करायला तयार आहे.

माफ करण्यासारखं पुष्कळ आहे. चौकटीची पट्टी आणि फरशीची स्कर्टिंग भिंतीबाहेर येते, म्हणून दार भिंतीपासून इंचभर दूर लोंबतं. शिवाय अशा दाराने उघडीवर दोन्हीकडून दोन-दोन इंच चढायला हवं. आमचं दार उघडीइतकंच, कारण आजोबांनी ते यासाठी करून घेतलं नव्हतं. तेव्हा बंद केलं तरी कडेने एक उभी फट राहते. रविवारी सावजी मटणाचा वास त्यातून पलंगापर्यंत जातो. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ रणरणत्या दिवसांत, तिथून एसीची थंड हवा बाहेर पळते आणि हॉलमधल्या कूलरची दमट हवा आत येते, दोघांचं भांडण आणि बिल आमचं. आईला तसाही एसी सोसत नाही, गुडघे धरतात. तिच्या खोलीत कूलर असता तर हीच फट वरदान ठरली असती, कारण कूलरच्या हवेला बाहेर पडायला वाट लागतेच. बाथरूमला असलं दार लावणाऱ्यांची धन्य आहे. एवढंच म्हणतो.

पण मला खरी चुटपुट लागली ती दाराच्या मागच्या बाजूची. या दाराला पाठ आहे, पण पाठीमागे जागा नाही. महालातल्या दारामागे केवढं जग होतं! खुंटीवर बाबांचा सदरा, खाली कोपऱ्यात फडा म्हणजे झाडू, मधे कालनिर्णय, आणि पाहुणे आले की तिथे उभी राहून ऐकणारी आत्या. दार उघडलं की हा संसार झाकायचा. आता खुंटी ठोकली तर दार सरकताना ती चौकटीला अडते. फडा घरभर फिरतो, कुठेच आपला वाटत नाही. आणि दार लोटणं, दार पुढे करणं, रागाने दार आपटणं, यातलं काहीच उरलं नाही. मुलीने एकदा आपटून पाहिलं. शेवटच्या वितीला आत बसवलेला दट्ट्या दाराला धरतो आणि हळूहळू पुढे नेतो. तोवर ती तिथेच उभी राहिली आणि हसू आवरेना.

दाराआडून ऐकायला आता उभंही राहावं लागत नाही. परवा हॉलमध्ये बायको हळू आवाजात विचारत होती, "आईंना किती सांगितलं तुम्ही दाराचं? आठ हजारच ना?"

मी मान हलवली.

फटीतून आतून आवाज आला, "मिस्त्रीने मले एकोणीस सांगितले."