स्टोक-ऑन-ट्रेंट: कपबशी उलटी करण्याआधी

जुन्या ब्रिटिश चिनी मातीच्या वस्तू जमवणाऱ्यांनी इंग्लंडला गेल्यावर लंडनच्या दुकानांत पैसे घालवू नयेत. लंडनच्या युस्टन स्टेशनवरून गाडी पकडून दीड तासात स्टोक-ऑन-ट्रेंट गाठावं. वेजवुड, स्पोड, मिंटन, मिडविंटर, सूझी कूपर, क्लॅरिस क्लिफ ही सगळी नावं या एका शहरातली. मुंबईच्या चोरबाजारात जुनी प्लेट उलटी केली की दिसणारे जॉन्सन ब्रदर्स, मीकिन आणि ग्रिंडलीही इथलेच.

स्टोक हे एक शहर नाही, सहा गावं मिळून झालेलं शहर आहे: टनस्टॉल, बर्स्लेम, हॅन्ली, स्टोक, फेंटन, लाँगटन. रेल्वे स्टेशन स्टोकमध्ये, पण मुख्य बाजारपेठ, बसस्थानक आणि मोठं संग्रहालय हॅन्लीत, चढावर सुमारे दोन किलोमीटर. 'स्टेशनजवळ' म्हणून हॉटेल घेतलं तर रोज ही चढण पदरात पडते, म्हणून मुक्काम हॅन्लीत करा. रविवारी बस कमी असतात, सोमवार-मंगळवारी बऱ्याच जागा बंद. वेळापत्रक बदलत राहतं, तेव्हा निघण्याआधी प्रत्येक ठिकाणचे वार तपासून घ्या. आठवड्याच्या मध्यापासून शनिवारपर्यंतचे दिवस सोयीचे.

आधी संग्रहालयं, मग दुकानं. हा क्रम उलटा केला की खिसा हलका होतो.

हॅन्लीच्या पॉटरीज म्युझियममध्ये स्टॅफर्डशरच्या मातीकामाचा प्रचंड संग्रह आहे. बहुतेक लोक सोनेरी कडांच्या कपाटांपुढे रेंगाळतात. तुम्ही स्लिपवेअर (पातळ मातीच्या लेपाने सजवलेली भांडी) आणि साध्या मीठ-ग्लेझच्या (भट्टीत मीठ टाकून आणलेल्या काचेसारख्या झिलईच्या) भांड्यांपासून सुरुवात करा, कारण तिथे माती उघडी दिसते. स्टुडिओ पॉटरीत, म्हणजे एकेका कुंभाराने छोट्या कार्यशाळेत घडवलेल्या भांड्यांत, रस असेल तर हेन्री बर्गनने दिलेला संग्रह चुकवू नका. बर्नार्ड लीच, हामादा, मायकल कार्ड्यू या स्टुडिओ कुंभारांची सुरुवातीची कामं त्यात आहेत. पुढे बाजारात कुणी तपकिरी मग 'लीच' म्हणून पुढे केला, तर हे पाहिलेलं कामी येतं. कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हजची लीच पॉटरी १९२०ची. १९४०च्या दशकापासून तिथे कामगार-शिष्यांनी ठरावीक नमुन्यांची रोजच्या वापराची भांडी बनवली. त्यांवर फक्त पॉटरीचा 'एसआय' (सेंट आइव्हज) शिक्का असतो. लीचने स्वतः घडवलेल्या भांड्यावर सहसा त्याच्या जोडीला 'बीएल' ही त्याची आद्याक्षरंही असतात. दोन्हींच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक, आणि विक्रेते हा फरक सोयीस्करपणे गिळतात.

लाँगटन स्टोकहून एकच स्टेशन. तिथलं ग्लॅडस्टन पॉटरी म्युझियम म्हणजे अख्खा जुना कारखाना, बाटलीच्या आकाराच्या भट्ट्यांसकट. भट्टीच्या आत जाता येतं. माल आगीच्या थेट झळेपासून वाचावा म्हणून तो सॅगर नावाच्या जाड मातीच्या डब्यांत भरून रचत. ग्लेझ दिलेल्या प्लेटा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये छोटे टोकदार टेकू ठेवत. त्या टेकूंचे तीन बारीक व्रण जुन्या प्लेटच्या पाठीवर, कडेच्या जवळ, बोटाला लागतात. तो दोष समजू नका, ती भाजण्याची खूण आहे.

बर्स्लेमला स्टेशन नाही. लाँगपोर्टला उतरून चालत जा किंवा हॅन्लीहून बस घ्या. लाँगपोर्टला गाड्या तुरळक, त्यामुळे परतीची वेळ आधी बघा. इथे दोन ठिकाणं. क्वीन स्ट्रीटवरच्या वेजवुड इन्स्टिट्यूटची दर्शनी भिंत टेराकोटाच्या शिल्पांनी भरली आहे. तिच्या आराखड्यात जॉन लॉकवुड किपलिंगचा हात होता. हाच गृहस्थ १८६५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवायला आला आणि क्रॉफर्ड मार्केटची दगडी शिल्पं त्याच्याच रेखाटनांवरून झाली. मुंबईकराने एवढ्यासाठी तरी पाच मिनिटं थांबायला हरकत नाही.

दुसरं ठिकाण मिडलपोर्ट पॉटरी, कालव्याच्या काठावर, १८८८ सालची. इथे बर्ली नावाने निळ्या-पांढऱ्या भांड्यांचं उत्पादन अजून जुन्या टिश्यू-छपाईने चालतं. फेरफटक्याचं तिकीट असेल तर घ्याच, कारण छपाईची ओळख इथे एकदाच पटते आणि कायमची राहते. कोरलेल्या तांब्याच्या रुळावर गरम केलेला तेलकट रंग चढवतात, पातळ टिश्यू कागदावर छाप घेतात, कागद कात्रीने कापून एकदा भाजलेल्या, ग्लेझ नसलेल्या भांड्यावर बसवतात, साबण लावलेल्या ताठ ब्रशने दाबून घासतात आणि मग कागद पाण्याने धुऊन टाकतात. ग्लेझ त्यानंतर. किटलीच्या गोल पोटावर सपाट कागद बसवायचा तर कुठेतरी जोड येणारच. चोचीखाली, कानाच्या मुळाशी किंवा कडेच्या नक्षीत एखादं अर्धवट फूल दुसऱ्याला चिकटलेलं दिसतं, कुठे टिश्यूची बारीक सुरकुती पांढरी रेघ होऊन राहते. ही खूण सापडली की हातानं बसवलेली टिश्यू-छपाई. नक्षी भिंगाखाली छोट्या रंगीत ठिपक्यांची दिसली तर लिथो (शिळाछपाई) किंवा अलीकडची डिकल (चिकटवलेलं छापील चित्र). हातरंगात कुंचल्याचा फटका जिथे संपतो तिथे रंग दाट होतो, आणि दोन फटके एकमेकांवर चढतात तिथे गडद पट्टा उमटतो.

बार्लस्टनला वेजवुडच्या आवारात लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट (व्हीअँडए) संग्रहालयाचा वेजवुड संग्रह विनाशुल्क आहे. नकाशावर वेजवुड नावाचं स्टेशन दिसतं, पण २००४ पासून तिथे गाडी थांबत नाही. बसनेच जा.

आता बाजार. शहरातली चॅरिटी दुकानं, कारखान्यांची सेकंड्सची (बारीक दोषामुळे स्वस्तात विकलेल्या मालाची) दुकानं, रविवारचे कार-बूट बाजार (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात ते) आणि पलीकडचं लीक गाव, जिथे जुन्या वस्तूंची दुकानं बरीच आहेत. सोबत चार गोष्टी ठेवा: दहापट भिंग, मोबाइलची टॉर्च, छोटी यूव्ही टॉर्च आणि मोजपट्टी. स्थानिक लोक कुणाच्याही घरी बशी उलटून शिक्का बघतात, त्यांच्या या सवयीला 'टर्नओव्हर क्लब' म्हणतात. आमचा सल्ला थोडा वेगळा: शिक्का सगळ्यात शेवटी बघा. शिक्का छापायला सोपा असतो. माती आणि ग्लेझ जमवायला अवघड.

आधी वजन. मग टॉर्च मागून लावा. बोन चायनातून (हाडांची राख मिसळलेल्या चिनी मातीतून) प्रकाश आरपार येतो आणि बोटांची सावली दिसते, अर्दनवेअर (साध्या भाजलेल्या मातीचं भांडं) अपारदर्शक राहतं. टिचकी मारून आवाज ऐका. बद्द वाजलं तर कुठेतरी तडा आहे. मग अंधाऱ्या कोपऱ्यात यूव्ही टॉर्च फिरवा. दुरुस्तीचा रंग किंवा गोंद अनेकदा वेगळाच चमकतो. चोच, कान आणि झाकणाची मूठ आधी तपासा, कारण तुटतं तिथेच. बुडाच्या कडेवर वर्षानुवर्षांच्या घासण्याने आलेला मळकटपणा असमान असतो. सगळीकडे सारखा तपकिरी रंग असेल तर तो चहाचा किंवा रंगाचा हात समजा.

आता शिक्का. 'इंग्लंड' हा शब्द सर्रास दिसतो तो १८९१ पासून, अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे. 'मेड इन इंग्लंड' बहुधा विसाव्या शतकातलं. पण 'इंग्लंड' नाही म्हणून वस्तू १८९१ आधीची ठरत नाही. शिक्क्यातलं 'स्थापना १७-अमुक' हे कंपनीचं जन्मसाल, तुमच्या बशीचं नव्हे; नवखे इथेच सर्वांत जास्त फसतात. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची नोंदणी-खूण १८४२ ते १८८३ ची. त्यानंतर 'आरडी नं.' (नोंदणी क्रमांक) सुरू होतो: १८८४ ला एकपासून, १९००च्या सुरुवातीला साडेतीन लाखांच्या पुढे. दोन्ही खुणा नमुना कधी नोंदवला ते सांगतात. ती भांडी पुढे कितीही वर्षं बनत राहिलेली असू शकतात.

वेजवुडवर १८६० पासून तीन अक्षरांचा सांकेतिक शिक्का दाबलेला असतो आणि तिसरं अक्षर वर्षाचं. अक्षरं २६ वर्षांनी पुन्हा येतात. 'झेड' म्हणजे १८७१ही आणि १८९७ही. सोबत 'इंग्लंड' असेल तर १८९७ धरा. 'वेजवुड अँड को' ही टनस्टॉलची निराळी कंपनी, आणि नावात मधे जादा 'ई' असेल तर तो माल स्टोकचाही नाही.

क्लॅरिस क्लिफ या डिझायनरच्या मालाबाबत जास्त सावध राहा. तिचा हातरंगाचा 'बिझार' माल १९२०च्या दशकाच्या शेवटी आला. अस्सल मालाची ग्लेझ उबदार मधाळ पिवळसर, कुंचल्याचे फटके ठळक. नकलांमध्ये रंग धुतल्यासारखा आणि ग्लेझ जाड, ओघळलेली दिसते. त्यावर १९८० आणि ९०च्या दशकांत अधिकृत पुनर्निर्मितीही झाल्या. त्यांचा शिक्का नीट वाचला तर ते कळतं, फक्त तो वाचायचा.

पहिल्या खरेदीसाठी आम्ही रिजवे कंपनीचा 'होममेकर' हा नमुना सुचवू: १९५७चा, एनिड सीनीचं काळं-पांढरं फर्निचरचं चित्र, वुलवर्थमध्ये विकलेला. प्लेटा ढिगाने मिळतात, त्यामुळे सुरीचे ओरखडे असलेली घेऊच नका. किटली आणि कॉफीपॉट मात्र दुर्मिळ.

लिलावात हातोड्याच्या (शेवटच्या बोलीच्या) किमतीवर खरेदीदाराचं कमिशन २० ते ३० टक्के आणि त्यावर व्हॅट लागतो. बोली लावण्याआधी हे डोक्यात मांडा. सेकंड्सच्या शिक्क्यावर अनेकदा ओरखडा मारलेला असतो. विक्रेता तो 'वापरातला' म्हणतो, तसं नसतं. दुपारी भूक लागली की इथलं ओटकेक चीज घालून खा. दिसायला जाडसर घावन, आणि दुकानदारीण तुम्हाला 'डक' म्हणेल, ते मायेने.

परतीला प्लेटा आडव्या रचू नका, उभ्या भरा. झाकण वेगळं गुंडाळा, कपाच्या पोटात मोजे कोंबा, पण कानावर दाब येऊ देऊ नका. चांगलं ते हातातल्या पिशवीत. ग्रेट ब्रिटनमध्ये दुकानातून नेलेल्या मालावर पर्यटकांना व्हॅट परत मिळणं २०२१ पासून बंद आहे. बिलं कस्टम्ससाठी मात्र जपा.

घरी आल्यावर भेगांची जाळी पडलेल्या ग्लेझवर आमटी वाढू नका. हळद भेगांत उतरली की निघत नाही. तो डाग काढायला ब्लीच तर अजिबात नको, ग्लेझखाली क्षार साठून पापुद्रे सुटतात. जुन्या ग्लेझमध्ये आणि रंगांत शिसं असू शकतं, म्हणून लोणचं, चिंच, लिंबू यांच्यासाठी ही भांडी वापरूच नयेत.