एसजीपीटी ३४ आणि निकामी यकृत

जन्मून काही तासच झालेल्या बाळाचे रिपोर्ट समोर होते. आयएनआर (जितका जास्त, तितकं रक्त उशिरा गोठतं) ४.१, अल्ब्युमिन १.६, प्लेटलेट ६०,०००, साखर २२ आणि एसजीपीटी ३४. रात्रपाळीची निवासी डॉक्टर म्हणाली, "सर, यकृताचं काही असतं तर एसजीपीटी वाढलं असतं ना? सेप्सिसच असणार." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. नवजात अतिदक्षता विभागात रक्त गोठेनासं झालं की पहिला संशय जंतुसंसर्गावरच जातो. पण त्या कागदावर मला सगळ्यात जास्त धास्ती वाटली ती त्या ३४ चीच.

एसजीपीटी हे यकृताच्या पेशींमधलं विकर. पेशी फुटल्या की ते रक्तात उतरतं. हर्पिसने किंवा प्राणवायू कमी पडल्याने जन्माच्या आसपास यकृताला फटका बसला, तर हा आकडा हजारांत जातो. तो साधारण आहे, पण यकृत ना अल्ब्युमिन बनवतंय, ना गोठणघटक, ना साखर टिकवतंय, याचा अर्थ फुटायला पेशीच फारशा उरलेल्या नाहीत. नाश आईच्या पोटातच होऊन गेला आहे. व्हिटॅमिन के देऊनही आयएनआर हललं नाही. सोनोग्राफीत यकृत आक्रसलेलं आणि गाठाळ, प्लीहा मोठी, पोटात पाणी. जन्मतःच सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी कडक झालेलं यकृत. असं यकृत आठवड्याभरात तयार होत नाही, त्यामागे काही महिने गेलेले असतात.

बाळ गर्भारपणाच्या ३६ व्या आठवड्यात जन्मलेलं, वजन फक्त २ किलो, शेवटच्या तपासणीत गर्भजल कमी. मग आईची जुनी फाईल मागवली. पहिलं मूल ठणठणीत. दुसरं आठव्या महिन्यात पोटातच गेलेलं, अंगाला सूज, आणि कारणाच्या रकान्यात 'अज्ञात'. ही ओळ वाचल्यावर निदानाची दिशा पक्की झाली: आईच्या अँटीबॉडींनी गर्भाच्या यकृतावर केलेला हल्ला, म्हणजे गर्भकालीन अ‍ॅलोइम्यून यकृतविकार.

साधारण १२ व्या आठवड्यापासून आईच्या आयजीजी प्रकारच्या अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जाऊ लागतात. त्या बाळाच्या संरक्षणासाठीच असतात. पण क्वचित एखाद्या आईच्या शरीराला गर्भाच्या यकृतपेशीवरचं एखादं प्रथिन परकं वाटतं आणि त्याविरुद्ध आयजीजी तयार होते. ती यकृतपेशीला चिकटली की कॉम्प्लिमेंट ही रक्तातल्या प्रथिनांची साखळी सुरू होते, तिच्या शेवटी सी५बी-९ हा प्रथिनसमूह पेशीच्या आवरणाला भोक पाडतो आणि पेशी मरते. आईला स्वतःला काहीही होत नाही.

या आजारात लोह साठतं, म्हणून बरीच वर्षं हा लोहाचाच आजार समजला गेला. खरं तर लोह नंतर येतं. वारेतून बाळाकडे किती लोह यायचं याला लगाम घालणारं हेपसिडिन गर्भाचं यकृतच बनवतं, आणि लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिनही तेच बनवतं. यकृत गेलं की लगामही सुटतो आणि वाहकही कमी पडतो. मोकळं लोह स्वादुपिंड, हृदय, थायरॉइड आणि लाळग्रंथींमध्ये शिरतं. प्लीहा मात्र रिकामी राहते. पूर्वी लोह काढणारी औषधं आणि अँटिऑक्सिडंट दिले जात आणि फार थोडी बाळं वाचत. अँटीबॉडीवर उपचार सुरू झाल्यापासून सुमारे चारातली तीन वाचतात.

म्हणूनच पक्क्या निदानाची वाट पाहायची नाही; आईच्या अँटीबॉडी काढायला बाळाचं रक्त बदलायचं. मात्र रक्त बदलण्याआधी नमुने काढलेच पाहिजेत, कारण नंतर बाळाच्या शरीरात दात्याचं रक्त फिरत असतं. फेरिटिन (लोह साठवणारं प्रथिन), अल्फाफीटोप्रोटीन (गर्भाच्या यकृताचं प्रथिन), हर्पिसचा विषाणू शोधणारी पीसीआर, नवजात चाचणीचं कार्ड आणि गॅलॅक्टोसेमियासाठी (दुधातली गॅलॅक्टोज साखर शरीराला मोडता न येण्याचा जन्मजात आजार) लाल पेशींतलं जीएएलटी विकर. यातलं शेवटचं हमखास राहून जातं, आणि मग दात्याच्या पेशींमुळे ती चाचणी नॉर्मल येते. हर्पिसचा रिपोर्ट येईपर्यंत असायक्लोव्हिर २० मिग्रॅ प्रतिकिलो दर ८ तासांनी, आणि गॅलॅक्टोसेमिया नाही हे कळेपर्यंत दूध बंद. ग्लुकोज मध्यवर्ती नलिकेतून, कारण इतकं तीव्र द्रावण हातापायाच्या बारीक शिरेला सोसत नाही.

मग दुप्पट रक्तबदल. बाळाचं रक्त ८० मिली प्रतिकिलो धरून त्याच्या दुप्पट, म्हणजे या बाळासाठी ३२० मिली. ताजं, किरणोत्सर्ग दिलेलं रक्त, प्लाझ्मा मिसळून. नाळेच्या कॅथेटरमधून १० मिली काढायचं, १० मिली घालायचं. घाई करायची नाही. खरा धोका सायट्रेटचा. रक्तपिशवीतलं सायट्रेट कॅल्शियमला बांधतं, आणि ते मोडायचं काम मुख्यतः यकृताचंच. ते इथे होणार नाही. एरवी जे कॅल्शियम आपसूक सावरतं, ते या बाळात खाली येतच राहतं. दर १०० मिलीनंतर आयोनाइज्ड कॅल्शियम आणि साखर पाहिली. दुसऱ्या शंभरीनंतर कॅल्शियम ०.८ वर आलं आणि मॉनिटरवर क्यूटी (हृदयाच्या आलेखातला एक कालावधी) लांबलेला दिसला. कॅल्शियम ग्लुकोनेट संथ दिलं आणि कॅल्शियम वर येईपर्यंत बदल थांबवला.

इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेल्या अँटीबॉडी, रक्तबदलानंतरच द्यायचं, १ ग्रॅम प्रतिकिलो. आधी दिलं तर आपणच ते बाहेर काढून टाकतो. रक्तबदलानंतरही ते लागतंच, कारण आयजीजीचा मोठा हिस्सा रक्तवाहिन्यांच्या बाहेर असतो आणि तिथून परत रक्तात येतो.

फेरिटिन २,९०० आलं. ते निदानाला पूरक, पण तेवढ्यावर शिक्का मारता येत नाही. यकृत कशानेही निकामी झालं तरी फेरिटिन चढतं. यकृताच्या बायोप्सीचा प्रश्नच नव्हता. रक्तबदलातल्या प्लाझ्माने आयएनआर तात्पुरतं खाली आलं, तेव्हा खालच्या ओठाच्या आतल्या बाजूने एक बारीक तुकडा घेतला आणि गॉजने दाबून धरलं. तुकड्यात लाळग्रंथी आल्याच पाहिजेत. नुसतं वरचं अस्तर आलं तर तो रिपोर्ट 'निगेटिव्ह' नाही, 'नमुना अपुरा' असतो.

पॅथॉलॉजी विभागात पर्ल्सचं रंजन केलं: पोटॅशियम फेरोसायनाइड आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल. लोह असेल तिथे निळा रंग धरतो. गुलाबी पार्श्वभूमीवर ग्रंथींचे गोल झुबके, आणि प्रत्येक पेशीत केंद्रकाभोवती निळे कण. बाजूच्या स्नायूत आणि अस्तरात एकही नाही. नंतर एमआरआयमध्ये यकृत आणि स्वादुपिंड लोहामुळे काळवंडलेलं, प्लीहेचा रंग मात्र नेहमीसारखा.

सुधारणा संथ असते, आणि पहिल्या आठवड्यात आयएनआर पाहून धीर सुटतो. नवी अँटीबॉडी आता येत नसते, पण यकृताला उरलेल्या पेशींतून पुन्हा उभं राहायचं असतं. या बाळात आधी साखर टिकू लागली, मग पोटातलं पाणी ओसरलं, आयएनआर सगळ्यात शेवटी. घरी जाताना ते १.५ होतं.

आईने विचारलं, "डॉक्टर, मग दोष माझ्याच रक्तात आहे का?" असं विचारणाऱ्या आईला घाईत उत्तर देऊ नये. तिने काही खाल्लं, काही टाळलं, म्हणून हे झालेलं नाही; आणि आधीचं बाळ का गेलं याचं उत्तरही बहुधा हेच आहे, हे तिला बसून सांगितलं. पण पुढचंही सांगावंच लागतं. एकदा असं बाळ झालं की त्याच आईच्या पुढच्या गरोदरपणात हे पुन्हा होण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर असते. ते टाळता येतं, म्हणून डिस्चार्ज कार्डावर बाळाच्या औषधांखाली आईसाठी वेगळा परिच्छेद लिहिला: पुढच्या गरोदरपणात इम्युनोग्लोब्युलिन १ ग्रॅम प्रतिकिलो, जास्तीत जास्त ६० ग्रॅम, १४ व्या आणि १६ व्या आठवड्यात, मग १८ व्यापासून दर आठवड्याला प्रसूती जवळ येईपर्यंत. हाच परिच्छेद तिच्या प्रसूतितज्ज्ञांच्या फाईलीतही लावून घेतला, कारण बाळाचं कार्ड बाळाच्या फाईलीतच राहतं.