शब्दसंग्रहाची प्रगती : 'आकांडतांडव'

नाट्य आणि नृत्य यांतून रोजच्या बोलण्यात उतरलेल्या शब्दांची माझी नोंदवही आता 'आकांडतांडव' या शब्दापर्यंत आली असून, आतापर्यंतच्या नोंदींत मला हाच शब्द सर्वांत मोलाचा वाटतो. क्षुल्लक कारणावरून कोणी घर डोक्यावर घेतले की आपण तो सहज वापरतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात आरडाओरडा तेवढा उभा राहतो. शब्दाची फोड केली की मात्र आरडाओरडा दुय्यम ठरतो.

संस्कृतातले मूळ रूप 'अकाण्डताण्डव' असे आहे. 'कांड' म्हणजे दोन पेरांमधला भाग, आणि उसाचे कांडे आपण आजही म्हणतो. त्यावरून ग्रंथाचा विभाग, जशी रामायणाची सात कांडे, आणि योग्य वेळ किंवा प्रसंग असेही अर्थ आले. म्हणून 'अकांड' म्हणजे अवेळी, प्रसंग नसताना. 'तांडव' हे तर शास्त्रशुद्ध नृत्य आहे. नाट्यशास्त्राच्या चौथ्या अध्यायात शिवाच्या आज्ञेवरून त्याचा गण तंडू ते भरतमुनीला शिकवतो, तंडूवरूनच त्याला तांडव म्हणतात, आणि त्याच अध्यायात १०८ करणे, म्हणजे हातापायांच्या एकत्रित नृत्यक्रिया, सांगितली आहेत. तेव्हा दोष तांडवाचा नाही, सगळा दोष 'अकांड'कडे जातो.

अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने आपल्या काव्यप्रकाश या ग्रंथात रसदोष सांगताना 'अकाण्डे प्रथनच्छेदौ' असे म्हटले आहे : भलत्या वेळी रस फुलवणे हा एक दोष आणि भलत्या वेळी तो तोडणे हा दुसरा. पहिल्याचे उदाहरण म्हणून तो वेणीसंहार या संस्कृत नाटकाचा दुसरा अंक देतो, जिथे युद्धात वीर पडत असताना दुर्योधन आपली पत्नी भानुमती हिच्याशी शृंगारात रमलेला आहे. तिथे ना किंकाळी आहे ना पाय आपटणे, तरीही तो प्रसंग 'अकांड'च ठरतो, आणि माझ्या नोंदीला याहून भक्कम आधार मला मिळाला नव्हता.

आमच्या सिंधुदुर्गात हा भेद जत्रेतल्या दशावतारात डोळ्यांनी पाहता येतो. देवळासमोर एक साधे बाकडे हेच सिंहासन असते, संवाद लिहिलेले नसतात, आणि युद्धाचा प्रसंग आला की मृदंग आणि झांज चढत्या लयीत वाजू लागतात व राजा तलवार उगारून बाकड्यावरून उतरतो आणि गिरक्या घेऊ लागतो. एवढा कल्लोळ होऊनही त्याला कोणी आकांडतांडव म्हणत नाही, कारण आख्यानाने त्या तांडवाला प्रसंग दिलेला असतो. हाच आवेश घरात चहा गार मिळाला म्हणून दाखवला, तर शब्द अचूक बसतो.

आरंभीचा 'अ' मराठीत दीर्घ झाला, त्यामागे 'आकांत' या शब्दाची जवळीक असावी असे मला वाटते. अर्थही त्याच बाजूला झुकला आहे.

पुढची नोंद 'थयथयाट' या शब्दाची असेल. 'थयथय' नाचणाऱ्या पावलांच्या आवाजातून आलेल्या या शब्दात प्रसंगाचा विचारच नाही, त्यामुळे त्याला 'आकांडतांडवा'चा समानार्थी म्हणून त्याच पानावर लिहिण्याऐवजी मी वेगळे पान दिले आहे. मालवणीत 'सोंगां' हा शब्द अशा वागण्याला नेमका कुठे कुठे वापरतात, हे ज्या संग्राहकांनी टिपले असेल त्यांनी वाक्यासह कळवावे.